बिलात न दिसणारा दंड



मागच्या वेळी आम्ही प्रॉव्हिडंट फंडाची पावती कशी वाचावी ते लिहिले होते. या वेळी आणखी एक कागद वाचायचा आहे. तो तुमच्या घरी येत नाही, कारखान्याच्या ऑफिसात येतो. पण त्यातला आकडा फिरून फिरून शेवटी तुमच्या घरी येतोच. तो कागद म्हणजे कारखान्याचे विजेचे बिल.

२०२३ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आम्ही जिथे हिशेब खात्यात कारकुनी करतो, त्या कारखान्याच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. विजेचा खर्च फार वाढला आहे, सबब यंदा बोनस किमान दरानेच मिळेल, ओव्हरटाइम बंद राहील आणि कंत्राटी हेल्परांपैकी सहा जणांना पुढच्या महिन्यापासून कामावर घेतले जाणार नाही, असा मजकूर. सहापैकी चौघे आमच्याच वस्तीतले. त्यांतल्या एकाच्या घरी नुकतेच बाळंतपण झाले होते.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत गेटजवळ माणसे जमली. एकाने आम्हाला सरळच विचारले, "भाऊ, बिलाचे व्हाउचर तुम्हीच करता ना? मग खरंच वाढलंय का ते सांगा."

आम्हाला उत्तर देता आले नाही. व्हाउचर आम्हीच करत होतो ही गोष्ट खरी. पण बी.कॉम. झालेला कारकून बिलात काय पाहतो? शेवटची रक्कम, भरण्याची तारीख आणि मागची थकबाकी. मधल्या पानावरचे आकडे इंजिनिअरसाहेबांचे, असे आम्ही ठरवून टाकले होते. इंजिनिअरसाहेबांनी ते हिशेब खात्याचे असे ठरवले होते. दोघांच्या मध्ये दरमहा दीड-दोन लाख रुपये वाहून जात होते.

संध्याकाळी आम्ही बारा महिन्यांची बिले काढून बसलो. सोबत मामा होते. मामा म्हणजे आमच्याकडचे कंत्राटी वायरमन. वय पन्नाशीचे, शिक्षण आठवी, मागून आयटीआयचा एक छोटा कोर्स केलेला. सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. त्यांनी चष्मा लावला, बिलावर बोट फिरवत नेले आणि एका जागी थांबवले. "हे बघा भाऊ. पॉवर फॅक्टर ०.८०. हितं भोक आहे."

आता हा पॉवर फॅक्टर काय असतो ते आधी समजून घेऊ. आम्हाला तो समजायला तीन संध्याकाळी लागल्या, तेव्हा तुम्ही एका वाचनात हार मानू नका.

कारखान्यातल्या बहुतेक यंत्रांना मोटर असते. मोटर फिरण्यासाठी तिच्या पोटात लोहचुंबकाचा प्रभाव तयार व्हावा लागतो. तो तयार करायला मोटर लाइनमधून थोडी वीज घेते आणि लगेच परत करते. पुन्हा घेते, पुन्हा देते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची असल्यामुळे ही देवघेव सेकंदाला १०० वेळा होते. ही वीज खर्च होत नाही, तिच्यावर यंत्राचे काही काम होत नाही. पण तिच्याशिवाय मोटर जागची हलत नाही.

आमच्या भाषेत हे हातउसने झाले. समजा, तुम्हाला रोज सकाळी शंभर रुपये हातउसने लागतात आणि संध्याकाळी तुम्ही ते इमानदारीने परत करता. तुमच्या वहीत खर्च शून्य. पण देणारा तुमचा पाहुणा चंद्रपूरला राहत असेल तर? रोज कोणीतरी ते पैसे घेऊन यायचे आणि परत न्यायचे. गाडीत जागा अडणार, माणूस थकणार, भाडे लागणार. विजेचेही तसेच. ही ये-जा करणारी वीज तारेत जागा अडवते, केबल तापवते, ट्रान्सफॉर्मरवर बोजा टाकते. वीज कंपनीला तेवढ्या क्षमतेची लाइन आणि उपकरणे राखावी लागतात. म्हणून ती त्याचे पैसे मागते. यात अन्याय काही नाही.

खरे काम करणारी वीज किलोवॅटमध्ये मोजतात. हातउसनी वीज केव्हीएआरमध्ये. दोन्ही मिळून लाइनवर जो भार पडतो तो केव्हीए. किलोवॅटला केव्हीएने भागले की पॉवर फॅक्टर निघतो. तो १ असेल तर उसनवारी शून्य. तो जितका खाली जाईल तितकी उसनवारी जास्त.

बेरीज मात्र साधी नाही. शाळेत पायथागोरसचा त्रिकोण शिकलो होतो, तो येथे उपयोगी पडला. आमच्या कारखान्याचे महिन्याचे खरे काम १ लाख युनिटांचे होते. हातउसने ७५ हजार. त्रिकोणाच्या दोन बाजू या झाल्या. तिसरी तिरकी बाजू येते १ लाख २५ हजार. तीन-चार-पाचचाच त्रिकोण. ही तिरकी बाजू म्हणजे केव्हीएएच, आणि बिल तिच्यावर येते. म्हणजे काम १ लाखाचे आणि पैसे सव्वा लाखाचे. हिशेब सोपा जावा म्हणून युनिटला ८ रुपये धरले तरी वरचे २५ हजार युनिट म्हणजे महिन्याला २ लाख रुपये. सहा हेल्परांचा महिन्याचा पगार किती होतो ते तुम्हीच मांडून पाहा.

मग हे आधी कोणाच्या लक्षात का आले नाही? त्याचे कारण बिलाच्या पद्धतीत आहे. पूर्वी महाराष्ट्रात उच्चदाबाच्या कारखान्यांना खऱ्या युनिटांवर बिल येई, आणि पॉवर फॅक्टर ०.९० च्या खाली गेला की दंडाची वेगळी ओळ, ०.९५ च्या वर गेला की सुटीची वेगळी ओळ बिलात छापलेली असे. आमच्या जुन्या मोठ्या साहेबांना सुटीच्या ओळीखाली लाल पेन्सिलने रेघ मारण्याची सवय होती. ते निवृत्त झाले. पुढे एप्रिल २०२० पासून उच्चदाबाच्या ग्राहकांना केव्हीएएचवर बिल येऊ लागले. त्याबरोबर दंडाची ओळ गेली आणि सुटीचीही गेली. दंड गेला असे कोणी समजू नये. तो युनिटांच्या आकड्यात मिसळून गेला. दूधवाल्याने पाण्याचा वेगळा भाव लावला असता तर आपण भांडलो असतो. पाणी दुधातच आले की कोण बोलतो? ते लॉकडाऊनचे दिवस होते, कारखानेच बंद होते, तेव्हा नवी पद्धत कोणी बसून वाचली नाही.

याशिवाय दुसरा एक मार होता. कारखान्याने वीज कंपनीकडून किती केव्हीए घ्यायचे याचा करार असतो, त्याला सगळे कॉन्ट्रॅक्ट डिमांड म्हणतात. आमचा करार ३७५ चा. यंत्रांची गरज ३२० किलोवॅटची, म्हणजे करारात सहज बसणारी. पण पॉवर फॅक्टर ०.८० असल्यामुळे मीटरवर ४०० केव्हीए उमटत होते. कराराच्या वरच्या २५ केव्हीएला दीडपट दर. साहेब लोक तर करार वाढवून घेण्याचा अर्ज तयार करत होते!

दुसऱ्या दिवशी मामा आम्हाला पॅनेल रूममध्ये घेऊन गेले. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. कोपऱ्यात धुळीने माखलेले एक कपाट होते. आत सहा कपॅसिटर. कपॅसिटर म्हणजे या हातउसन्यावरचा उपाय. मोटर वीज मागते त्याच क्षणी कपॅसिटर देतो, आणि मोटर परत करते त्या क्षणी कपॅसिटर ती ठेवून घेतो. आपल्या गल्लीतल्या बचत गटासारखे. चंद्रपूरच्या पाहुण्याकडे जावेच लागत नाही, शेजारीच भागते.

मामांनी टाँग टेस्टर लावून एकेकाचा करंट पाहिला. २५ केव्हीएआर, ४४० व्होल्ट असे लिहिलेला कपॅसिटर चांगला असेल तर आपल्या ४१५ व्होल्टवर प्रत्येक फेजला ३१ अँपिअरच्या आसपास दाखवतो. येथे पहिल्याला ९. दुसऱ्याला शून्य. तिसऱ्याला ७. एकच धड होता. दोन कॉन्टॅक्टर जळून चिकटले होते आणि चालू-बंद करणारा रिले कोणीतरी कधीच बंद करून ठेवला होता. मामा म्हणाले, "डबे आहेत, जीव नाही."

"मामा, तुम्हाला हे माहीत होते?"

"दोन वर्सं झाली. दोनदा सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, तू बल्ब बदल."

यावर आम्ही काय लिहावे? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्यात होता. देशाच्या वीज नियोजनासाठी १९४४ साली जे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ निघाले ते त्यांच्या खात्यातून. हे आम्ही जयंतीच्या भाषणात दरवर्षी सांगतो. आणि आमच्याच कारखान्यातला विजेचा जाणकार दोन वर्षे बोलत होता, तेव्हा आम्ही शेजारच्या खोलीत व्हाउचरवर शिक्का मारत होतो.

असो. आम्ही एका पानाचा तक्ता केला, बारा महिन्यांचे आकडे मांडले आणि युनियनच्या दोन प्रतिनिधींबरोबर मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो दोनदा वाचला. सहा हेल्परांची नोटीस एक महिना पुढे ढकलतो म्हणाले. तेवढे पदरात पडले.

पण यानंतर जे झाले तेही सांगितले पाहिजे, कारण औषध चुकीच्या मापाने दिले की दुखणे बदलते, जात नाही. साहेबांना घाई झाली. त्यांनी सात कपॅसिटर आणवले, प्रत्येकी २५ चे, आणि थेट लाइनला जोडून टाकायला सांगितले. रिले नको, खर्च नको. मामा नको म्हणत होते. दिवसा दोन पाळ्यांत ठीक चालले. पण रात्री आणि रविवारी मोटरी बंद, उसने मागणारा कोणी नाही, आणि कपॅसिटर मात्र चालूच. मग ते उलट लाइनलाच उसने देत बसतात. त्याला लीडिंग म्हणतात. मीटर दोन्ही लिहितो, घेतलेले लॅग आणि दिलेले लीड, आणि बिलात दोन्हींची बेरीज धरली जाते. पुढच्या महिन्याचे बिल आले १ लाख १५ हजार युनिटांचे. सात कपॅसिटर लावून १० हजारच कमी. साहेब आमच्याकडे असे पाहू लागले की जणू आम्हीच ते विकले होते.

आणि त्याच महिन्यात अपघात झाला. एका कपॅसिटरची जोडणी ढिली झाली म्हणून त्या सहा हेल्परांपैकीच एका मुलाला ती आवळायला पाठवले. मामा त्या दिवशी रजेवर. मुलाने मेन स्विच खाली केला, वीज गेली असे समजला आणि पान्याबरोबर बोटही टोकाला लावले. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर आपल्या पोटात वीज धरून ठेवतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. ती उतरावी म्हणून त्याला डिस्चार्ज रेझिस्टर जोडलेला असतो, पण तो तुटलेला असेल तर बाहेरून कळत नाही. मुलगा मागे भिंतीवर आपटला. हाताला भाजले, खांद्याला मार लागला. जीव वाचला. बाळंतपण झालेले घर म्हटले ना वर, तेच हे घर. त्याच्या आईला दवाखान्यात घेऊन जाताना आम्हाला तक्ता, त्रिकोण, सगळे विसरायला झाले होते.

आपल्यातली पुष्कळ मुले वायरमनच्या हाताखाली कामाला आहेत, म्हणून हे ठळक लिहितो. स्विच बंद केल्यावर कपॅसिटरला किमान पाच मिनिटे हात लावू नका. मग मीटर लावून तिन्ही टोकांमध्ये व्होल्टेज उरले नाही ना ते पाहा, डिस्चार्जच्या दांडीने टोके अर्थ करा, आणि नंतरच पाना लावा. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढण्याची जी पद्धत काही जण शिकवतात ती डोळा घालवणारी आहे. आणि परवानाधारक माणूस हजर नसेल तर सरळ सांगा, साहेब, हे काम मी करणार नाही. नोकरी दुसरी शोधता येते.

अपघातानंतर मात्र काम रीतसर झाले. परवानाधारक कंत्राटदार आला, त्याने आधी आठ दिवस मीटर लावून भार मोजला. त्यात कळले की एका प्रेसवर २० हॉर्सपॉवरची मोटर बसवली होती आणि काम ७ हॉर्सपॉवरचे. अशी मोठी मोटर कमी भारावर फिरली की पॉवर फॅक्टर आणखी घसरतो. रिकामी फिरणारी मोटर तर ०.२ च्या आसपास जाते. पूर्ण भारावर तीच ०.८५ च्या घरात असते. म्हणून पहिला उपाय फुकटचा होता. जेवणाच्या सुट्टीत रिकामी फिरणारी यंत्रे बंद करणे आणि त्या प्रेसची मोटर बदलून भंडारात पडून असलेली लहान मोटर लावणे.

मग २०० केव्हीएआरचे आपोआप चालणारे पॅनेल बसले. सात टप्पे पंचविसाचे, दोन साडेबाराचे. रिले भार पाहतो आणि लागेल तेवढेच टप्पे घेतो, मोटरी थांबल्या की सोडून देतो. २०० लिहिलेले पॅनेल आपल्या ४१५ व्होल्टवर १७८ च्या आसपासच देते. हे विकणारा सांगत नाही, मामांनी सांगितले. आमच्याकडे दोन नव्या यंत्रांना वेग बदलणारे ड्राइव्ह आहेत. त्यांच्यामुळे लाइनमध्ये हार्मोनिक नावाची कुरबुर होते आणि तिने कपॅसिटर तापून फुटू शकतात. म्हणून प्रत्येक टप्प्याला रिअ‍ॅक्टर लावून घेतला. त्याने खर्च वाढला. साहेब कुरकुरले, पण सातांपैकी दोन कपॅसिटर फुगून पोट काढलेले त्यांनी स्वतः पाहिले होते.

पॅनेल सुरू झाले त्या सकाळी गंमत झाली. रिले सगळे टप्पे घेई तरी पॉवर फॅक्टर उलटाच दाखवी. कंत्राटदाराचे दोन इंजिनिअर पुस्तिका उलटत बसले. मामांनी जाऊन सीटीच्या दोन तारा पाहिल्या. उलट्या जोडल्या होत्या. अदलाबदल केली आणि पाच मिनिटांत आकडा ०.९८ वर आला.

त्यानंतरच्या पहिल्या पूर्ण महिन्याचे बिल १ लाख २ हजार युनिटांचे आले. डिमांड ४०० वरून ३२७ वर. करार वाढवण्याचा अर्ज फाइलमध्येच राहिला. पॅनेलचा खर्च दोन महिन्यांच्या बचतीत निघाला. शिवाय पॅनेलपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतच्या केबलमधला करंट कमी झाल्यामुळे तिच्यात उष्णतेने वाया जाणारी वीजही सुमारे एक तृतीयांशाने घटली. पॅनेलच्या पुढे, मोटरीपर्यंतच्या तारांत मात्र काही फरक पडत नाही. तो हवा असेल तर कपॅसिटर मोटरीजवळच लावावा लागतो, आणि तोही मोटरीच्या मापाने, जास्त नाही.

सहापैकी पाच हेल्पर कामावर राहिले. सहावा, जखमी झालेला मुलगा, त्याच्या आईने परत पाठवला नाही. बोनसवर त्या वर्षी वाद झाला, थोडे वाढवून मिळाले. वीजबिलाची सबब या वर्षी चालणार नाही हे युनियनला आकड्यानिशी सांगता आले, एवढे खरे.

आता माताभगिनींसाठी थोडे. हा विषय ऐकून आमच्याच घरातून मागणी आली, मग आपल्या घरालाही तसले यंत्र लावा! बाजारात, आठवडे बाजारातसुद्धा, सॉकेटमध्ये खोचायची एक छोटी डबी विकतात. हिरवा दिवा लागतो आणि बिल तीस-चाळीस टक्के कमी होईल असे विकणारा सांगतो. आम्ही एक उघडून पाहिली. आत चिमूटभर कपॅसिटर आणि दिव्याचा खेळ. घराचे बिल फक्त खऱ्या युनिटांवर येते, हातउसन्यावर येत नाही. जे आपल्याकडून घेतलेच जात नाही ते वाचणार कसे? त्या पैशात एक चांगला एलईडी बल्ब आणा, जुना साठ वॅटचा काढा, फरक बिलात दिसेल.

ज्यांचे स्वतःचे छोटे वर्कशॉप आहे किंवा चार लूम आहेत, त्यांनी आपल्या बिलाला कोणता नियम लागतो ते वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन विचारावे. लघुदाबाचे नियम वेगळे असतात. विचारल्याशिवाय कपॅसिटर विकत घेऊ नये.

मामा अजून कंत्राटीच आहेत. तारतंत्री परवान्याच्या परीक्षेचा अर्ज आम्ही त्यांच्याकडून भरून घेतला आहे. अक्षर आमचे, सही त्यांची. त्यांनी एक दोनशे पानी वही घातली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नऊ टप्प्यांचा करंट तिन्ही फेजवर मोजून लिहितात. आम्ही आता बिलाचे व्हाउचर ती वही पाहिल्याशिवाय पुढे पाठवत नाही. या महिन्यात चौथ्या टप्प्यापुढे ३१ च्या जागी २४ लिहिले होते. नव्या कपॅसिटरची मागणी-चिठ्ठी त्याच दिवशी भंडारात गेली.